गौरींची शर्यत

“आई, हा कॉम्प्युटर आता अपात्र ठरला आहे,” श्रीनिवास म्हणाला.

मी देवाची उपकरणी पुसत होते. ती तशीच ताम्हनात ठेवली आणि वरच्या दिवाणखान्यात आले. माझा थोरला मुलगा मॉनिटरसमोर हाताची घडी घालून उभा होता. आजाऱ्याला भेटायला आलेली माणसे उभी राहतात, तसा.

“कुणी ठरवला?”

“गेमवाल्यांनी कळवलंय, जुन्या विंडोजवर गेम यापुढे चालणार नाही. आणि नवीन विंडोज या कॉम्प्युटरवर बसत नाही. वय झालं त्याचं. हा काढून टाकू, नवा मागवू.”

“पंखा फिरतो?”

“फिरतो.”

“पडदा उजळतो? स्टिअरिंग वळतं?”

“वळतं, पण आई—”

“मग हिंडत्याफिरत्याला काढून टाकण्याची एवढी घाई कशाला? बाजूला हो.”

तो बाजूला झाला. साठीला आलेला, कारखान्यावर माणसे हाताखाली असलेला मुलगा. पण घरात मी ‘बाजूला हो’ म्हटले की तो होतो. तसे मी त्याला वळणच लावले आहे.

मी शर्यतीचा गेम खेळते, याचे आता कराडात कुणाला नवल वाटत नाही. आधी वाटत असे. टाळेबंदीत सगळे दाराआड बसले होते, त्या दिवसांत माझा नातू सौमित्र याने त्याचे खेळण्याचे स्टिअरिंग माझ्या टेबलाला जखडून दिले आणि म्हणाला, “बसा मोठ्याई, तेवढाच वेळ जाईल.” तो एक गोष्ट विसरला होता. कोयनेकाठच्या आमच्या मळ्यात उसाचे बेणे पोहोचवायला जीप मी नेत असे, आणि तीसुद्धा त्या रस्त्याला डांबर लागण्याच्या आधीपासून. महिनाभरात सौमित्रने माझ्याशी शर्यत लावणे बंद केले. त्याला अभ्यास आठवला.

मला जोडीला कुणी तरी हवे होते. ती मिळाली घरातच. म्हणजे पुण्याच्या घरात. प्रमिला, माझी धाकटी जाऊ. ती लग्न होऊन आली तेव्हा सायकलसुद्धा चालवत नव्हती. मी तिला जीपमध्ये बसवले, कोयनेच्या रस्त्याला नेले आणि गाडी शिकवली. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकले, की पुढे ती भाजीला फोडणी देतानाही ते पुटपुटत असे. तर आम्ही दोघी, ती पुण्याहून आणि मी कराडहून, दर गुरुवारी दुपारी एका डोंगरी रस्त्यावर शर्यत लावत असू. ती वेळेआधी येऊन बसे. मी वेळेवर येत असे. थोरल्या माणसाने ताटकळत बसू नये, असे माझे मत आहे.

एरवी गेम बंद पडला असता तर मी दासबोध घेऊन बसले असते. पण त्या गुरुवारची शर्यत वेगळी होती. तिच्यावर आमच्या गौरी लागल्या होत्या.

श्रावण लागल्यावर प्रमिलाचा फोन आला होता. पावसाची, नातवंडांची, पापडांची चौकशी झाली आणि मग ती म्हणाली, “आक्का, यंदा गौरी पुण्याला आणाव्यात म्हणते.”

मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

“गौरी कराडच्या आहेत, प्रमिला.”

“कराडच्या नव्हेत, घराण्याच्या आहेत. आणि घराण्याची एक चूल पुण्यातही पेटते.”

“सासूबाईंनी मुखवटे माझ्या हाती दिले.”

“ठाऊक आहे. मी शेजारीच उभी होते, ताम्हन धरून.”

“मग?”

“मग काही नाही. मला हव्यात.” थोडे थांबून ती म्हणाली, “वाद नको, आक्का. शर्यत लावू. एकच. जी जिंकेल, तिनं ठरवायचं गौरी कुठे बसतील. दुसरीनं अवाक्षर काढायचं नाही.”

हा मला शुद्ध उद्धटपणा वाटला, आणि म्हणूनच मी ‘हो’ म्हटले. आव्हान आले आणि मी मागे सरले, असे आमच्या घरात कुणी पाहिलेले नाही.

शिवाय मला मागल्या वर्षीचे आठवले. आमच्या घरी गौरी वरच्या मजल्यावर, देवघराशेजारी बसतात. ही सासूबाईंची रीत. आरतीला सगळे वर जमले होते आणि ही बाई मधल्या पायरीवर बसून पोरांना पेपरमिंटच्या गोळ्या वाटत होती! आरती संपता संपता वर आली, ती कठड्यावरून हात फिरवत. “पॉलिश छान झालंय हो आक्का,” म्हणाली. मी सगळ्यांदेखत तिला म्हटले, “धाकट्या जावेनं गौरींना ताटकळत ठेवायची रीत पुण्यात असेल, कराडात नाही.” ती नुसती हसली. तेव्हाच माझ्या मनात आले होते, की हिचे लक्ष आता आपल्या गौरींत राहिलेले नाही. शर्यतीचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. लक्ष होते, पण त्या आपल्या घरी नेण्याकडे.

आणि आता गुरुवार तोंडावर आला असताना हा कॉम्प्युटर अपात्र!

“नवा गुरुवारपर्यंत येईल?” मी विचारले.

“इतक्यात कसा येईल? पुढच्या आठवड्यात,” श्रीनिवास म्हणाला. “काकूंना सांग ना, शर्यत पुढे ढकलू म्हणावं.”

“मी? ढकलू?”

त्याने चष्मा पुसायला घेतला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. “मोठ्याई, लिनक्स टाकायचं का?”

ती रेवती होती, सौमित्रची बायको. वैशाखात लग्न होऊन आलेली, नांदेडची मुलगी. सौमित्र कामासाठी बंगळुरूला गेला होता आणि ही आमच्याकडे राहून घरूनच तिच्या कंपनीचे काम करत असे. बोलणे मोजके, जेवणे भराभर, आणि भाकरी अशी थापायची, की तिचा नकाशा कोणत्या देशाचा, यावर जेवताना पैजा लागत. मी तिला अजून जोखत होते. मला माणूस जोखायला वेळ लागतो, आणि तो मी घेते.

“ते काय असतं?” मी विचारले.

“विंडोजसारखंच. कॉम्प्युटर चालवणारी दुसरी व्यवस्था. जुन्या मशिनलाही चालते, फुकट मिळते.”

“फुकट?” श्रीनिवासने चष्मा चढवला. “फुकटच्या गोष्टीवर आईचा गेम चालेल?”

“गेम विंडोजसाठी लिहिलेला आहे, बाबा. पण मध्ये एक दुभाषी बसवता येतो. गेम त्याच्या भाषेत काही मागतो, दुभाषी ते लिनक्सला सांगतो आणि आणून देतो.”

“आणि गेमला हे कळत नाही?” मी विचारले.

“नाही. त्याला वाटतं, आपण विंडोजवरच आहोत.”

“म्हणजे त्याला फसवायचं.”

रेवतीने क्षणभर विचार केला. “फसवायचं नाही हो, मोठ्याई. त्याचा मान राखायचा आणि आपल्या घरात वागवून घ्यायचं.”

मी तिच्याकडे नीट पाहिले. वैशाखापासून पहिल्यांदाच.

“पण तुला त्यात एवढा रस का?”

ती लाजली. “नव्या सुनेनं गौरी उंबऱ्यावरून आत आणायच्या असतात ना आपल्याकडे? सौमित्रनं सांगितलंय. मी लग्न ठरल्यापासून वाट बघतेय. पुण्याला गेल्या तर कोण आणेल, काय माहीत.”

“कर सुरू,” मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक पेन ड्राइव्ह आणला आणि विचारले, “जुनं विंडोजही शेजारी ठेवू का? सुरू करताना दोन्हींपैकी कोणतं हवं, ते विचारेल.”

“एका स्वयंपाकघरात दोन सासवा? काही नको. पुसून टाक. नवीन आणायचं तर पुरतं आणायचं.”

“आई, विचार कर,” श्रीनिवास कारखान्यावर निघता निघता म्हणाला. “बिघडलं तर मागे फिरता येणार नाही.”

“मी मागे फिरलेली तू कधी पाहिलीस?”

मात्र नवे काम पूजेशिवाय सुरू होत नाही. रेवती फोटो आणि हिशेब दुसरीकडे उतरवून घेईपर्यंत मी नारळ वाढवला, कॉम्प्युटरच्या पेटीला हळदकुंकू लावले आणि वर अक्षता टाकल्या. त्या पेटीला वरच्या अंगाला जाळी असते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले होते. पण पूजेच्या वेळी ते ध्यानात राहिले नाही. रेवतीने बटण दाबले आणि आतून कर्रर्र असा आवाज निघाला, जणू जात्यात कुणी खडे टाकले.

“हे लिनक्स असंच बोलतं का?” मी विचारले.

रेवतीने बटण बंद केले. ओठ घट्ट मिटून घेतले होते तिने. “मोठ्याई, अक्षता पंख्यात गेल्या.”

“मग काढ.”

तिने पेटी उघडली आणि दोघी पाहतच राहिलो. तांदळाचे दाणे राहिले बाजूला. आत धुळीची गादीच्या गादी होती. उशी भरता आली असती. तिने चिमट्याने अक्षता वेचल्या, मी रंगाच्या जुन्या ब्रशने धूळ झाडली. पदर कमरेला खोचून आम्ही दोघी त्या यंत्राच्या पोटात वाकलो होतो, आणि मला वाटून गेले, की या मुलीबरोबर दिवाळीची साफसफाई बरी होईल.

“हसायचं असेल तर हस आता,” मी म्हटले.

ती इतकी हसली, की चिमटा खाली ठेवावा लागला.

लिनक्स चढले. पडदा उजळला तो वेगळाच, स्वच्छ, सारवलेल्या अंगणासारखा. मध्ये त्याने परवलीचा शब्द मागितला, तेव्हा मी रेवतीला तोंड फिरवायला लावले आणि एका बोटाने टंकून दिला. तो शब्द म्हणजे माझ्या यजमानांचे नाव. ते हयात असताना मी ते उखाण्याखेरीज कधी उच्चारले नाही, आणि ते गेल्यावर तर उखाण्याचेही कारण उरले नाही. लिहायला मात्र कुणाची मनाई नव्हती.

दुपारपर्यंत गेमही सुरू झाला. सुरू होताना पहिल्या खेपेस बराच वेळ घेतला त्याने. दुभाषी ओळखपाळख करून घेत असावा. पण डोंगर दिसला, रस्ता दिसला, माझी लाल गाडी उभी राहिली. मी बसले, ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी जागच्या जागी रुतली. पाय काढला, तर सुसाट निघाली आणि दरीत.

“उलटं झालंय,” रेवती पुटपुटली. “पेडलचं उलटं वाचतंय. सरळ करावं लागेल.”

“कर की.”

तिने एक काळा चौकोन उघडला आणि त्यात काहीबाही लिहिले. “तुमचा शब्द मागतोय पुन्हा. टाका.”

ती खिडकीकडे वळली. मी टंकले. चौकोनात काहीच उमटले नाही. सकाळी निदान ठिपके तरी आले होते. पुन्हा टंकले. नाही. मी कळफलक उचलून टेबलावर आपटला.

“अगं, हा मेला! एक अक्षर उमटत नाही!”

“उमटतंय, मोठ्याई! दिसत नाही एवढंच. मागे उभ्या असलेल्याला किती अक्षरं आहेत तेसुद्धा कळू नये, म्हणून दाखवत नाही ते. आत सगळं पोहोचतंय.”

मी कळफलक हळूच खाली ठेवला. “असं आधी सांगावं,” मी म्हटले. आणि हे लिनक्स चांगल्या घरचे आहे, असे माझे मत झाले.

पेडल सरळ व्हायला संध्याकाळ झाली. रेवतीने कंपनीच्या कामाला रजा टाकली होती, हे मला दिवेलागणीला कळले. त्या रात्री तिच्या भाकरीबद्दल कुणी पैज लावली नाही. मी लावू दिली नाही.

गुरुवार उजाडला. जेवणे लवकर उरकली. रेवती म्हणाली, “आज जरा आधी आत शिरून बघूया. जोडणी होते की नाही ते कळेल. आपला माइक अजून त्यानं ओळखलेला नाही, तेही तोवर बघते.”

वेळेआधी जाऊन बसणे माझ्या पद्धतीत बसत नव्हते. पण यंत्र नवे होते, म्हणून मान डोलावली. शर्यतीआधी दोन्ही गाड्या एका आवारात उभ्या असतात आणि एकमेकींशी बोलता येते. आम्ही शिरलो. प्रमिलाची निळी गाडी तिथे उभी होतीच. आणि तिचा माइक चालू होता.

“...सगळे पाट काढ गं शांता,” प्रमिलाचा आवाज आला. शांता तिची स्वयंपाकाची बाई. “धुऊन गच्चीत वाळत घाल.”

“बाई, पण तुम्ही हरलात म्हंजे?”

“तर परत माळ्यावर. लाकूडच आहे, रडणार थोडंच आहे.”

रेवतीने आवाज बंद करायला हात पुढे केला. मी तो धरला. चोरून ऐकणे मला मान्य नाही. पण पुढचेच वाक्य असे होते:

“आक्कास्नी सांगत का नाही सरळ? तेल चोळून चोळून माझं हात दुखाया लागलं. पायरी चढताना तुमच्या डोळ्यांत पाणी येतंय, मी बघितलंय की मागच्या टायमाला कराडला.”

आणि ज्या बोलण्यात माझे नाव निघाले, ते बोलणे माझेही असते.

“खबरदार सांगितलंस तर!” प्रमिला म्हणाली. “आक्कांना कळलं तर त्या गौरी खाली आणून बसवतील. सासूबाईंची रीत माझ्या गुडघ्यांपायी मोडायची? शोभेल का ते? हां, तिथेच चोळ, तिथेच.”

“मग गौरींचं दर्शन?”

“म्हणून तर शर्यत! जिंकले तर त्या माझ्याकडे. नाही जिंकले तर मागल्या वर्षी बघून घेतलंय डोळे भरून. कठडा धरून का होईना.” मग ती हसली. “पॉलिश छान झालंय म्हटलं मी त्यांना, ठाऊक आहे? मधल्या पायरीवर बसकण मारली, तर पोरं जमली गोळ्यांना. आक्का काय चिडल्या!”

“कुणाकडं काही मागायला तुमची जीभच उचलत न्हाई बघा.”

“मागायचं कशाला? जिंकून घ्यावं.”

रेवती माझ्याकडे पाहत होती. मी तिचा हात अजून धरूनच ठेवला होता. सोडला.

“मोठ्याई,” ती हलकेच म्हणाली, “आता?”

“आता काय? शर्यत.”

“पण पुण्याच्या आजी तर... तुम्ही थोडं हळू...”

“रेवती, त्या बाईला गाडी मी शिकवली आहे. मी पाय जरा जरी सैल सोडला, तर पहिल्या वळणावर तिला कळेल. मग ती जन्मात माझ्याशी बोलायची नाही.” मी पेडलवर पाय ठेवले. “आणि बोलूही नये. माइक जोडलास?”

“झाला. लाल चिन्ह हिरवं झालं की—”

“आधी बाहेर पड. मग वेळेवर पुन्हा शिर.”

तिला क्षणात समजले. आम्ही बाहेर पडलो. घड्याळाने वेळ दाखवली, तेव्हाच पुन्हा शिरलो आणि मी खाकरले.

“आलात, आक्का? मला वाटलं, जुन्या विंडोजनं दगा दिला.”

“विंडोज काढून टाकलं. लिनक्स आणलंय.”

“अगंबाई! ते आणि काय?”

“हरल्यावर सांगेन. चल.”

ती शर्यत मला आजही वळणावळणाने आठवते. गाडी पूर्वीपेक्षा हलकी पळत होती. धूळ गेल्यामुळे, असे रेवती म्हणते. मला पूजेचाही वाटा वाटतो. पहिल्या चढाला मी पुढे होते. पाइनच्या झाडीत प्रमिलाने आतल्या अंगाने गाडी घातली आणि माझ्या आरशातून नाहीशी होऊन माझ्या पुढे आली.

“हे मी शिकवलं नव्हतं!” मी ओरडले.

“सगळं तुम्हीच शिकवाल का!” ती ओरडली.

तिचा आवाज विशीतला वाटत होता. जीपच्या दांडीला घट्ट धरून, डोक्यावरचा पदर सांभाळत, “आक्का, दरी आली, दरी आली!” म्हणणारा. मी दात आवळले. उतारावर मी तिच्या अगदी मागे चिकटले. शेवटी ते अवघड वळण आले, एका बाजूला कडा, एका बाजूला काही नाही. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. पण प्रमिलाला जिंकायचे होते. फार जिंकायचे होते. तिने ब्रेक उशिरा मारला. तिची निळी गाडी कड्याकडे हातभर सरकली, आणि त्या हातभर जागेतून माझी लाल गाडी निघून गेली.

रेवती खुर्चीवरून ओरडत उठली आणि लगेच तोंडावर हात ठेवून बसली.

पलीकडून प्रमिलाचा आवाज आला, मोकळा आणि सरळ. “जिंकलात, आक्का. झालं. गौरी कराडला.”

“ते तू कोण ठरवणार?”

“अं?”

“अट काय होती? म्हण.”

“जी जिंकेल, तिनं ठरवायचं.”

“आणि दुसरीनं?”

“अवाक्षर काढायचं नाही.”

“मग ऐक. गौरी यंदा पुण्याला बसतील. तुझ्या तळमजल्यावर, अंगणाकडे तोंड करून. मुखवटे मी स्वतः घेऊन येईन, आवाहनाच्या दोन दिवस आधी. उंबऱ्यावरून त्यांना रेवती आत आणेल. पुरण माझ्या देखरेखीखाली शिजेल, कारण तुझं पुरण सैल होतं.”

पलीकडे खुर्ची करकरली. मग ती म्हणाली, “आक्का, मला कुणाची दया नको.”

“दया? दया मी कुणावर केल्याचं तुझ्या ऐकिवात आहे का?”

“नाही.”

“जिंकून मी हुकूम देते आहे. तो पाळायचा की अट मोडायची, ते तुझं तू बघ.”

“पण कारण तरी—”

“हे अवाक्षर झालं, प्रमिला.”

पलीकडून आवाज आला तो हसण्याचा की आणखी कशाचा, हे मी ठरवायला बसले नाही. रेवतीला खूण केली आणि तिने हिरवे चिन्ह लाल केले.

गौरी पुण्याला गेल्या. रेवतीने मुखवटे छातीशी धरून उंबरा ओलांडला, तेव्हा प्रमिला दारात उभी होती. कठडा नव्हता, पायऱ्या नव्हत्या. आरतीला ती सर्वांच्या पुढे होती आणि टाळ्या इतक्या जोरात वाजवत होती, की मला तिला दटावावे लागले. पाट सगळे भरले. पुरण, अर्थात, घट्ट झाले होते. अळूच्या भाजीत मीठ कमी होते, ते मी सांगितले.

पुढल्या वर्षी गौरी कराडला आल्या, त्या तळमजल्यावर. मी घरात जाहीर केले, की वरच्या दिवाणखान्यात माझे स्टिअरिंग, टेबल आणि नवी रेसिंगची खुर्ची यांना जागा लागते. तिथे गर्दी नको. सासूबाईंच्या रीतीबद्दल श्रीनिवासने तोंड उघडले होते. रेवतीने त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. एव्हाना तिच्या पोळ्या गोल येऊ लागल्या होत्या. तेव्हापासून गौरी एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे बसतात, आणि त्यावर कुणी शर्यत लावत नाही.

आता हे सगळे आठवायचे कारण असे, की गेल्या महिन्यात पुण्यात प्रमिलाचाही कॉम्प्युटर अपात्र ठरला. रेवती तिच्याकडे गेली, मी बरोबर होते. या वेळी अक्षता पेटीवर नव्हे, शेजारच्या पाटावर टाकल्या. लिनक्स चढले, गेम उभा राहिला, आणि प्रमिला नाकावर चष्मा घेऊन पडद्यावरचे एकेक चिन्ह विचारू लागली.

“हे लाल काय गं, रेवती?”

“तो माइक, आजी. लाल म्हणजे बंद. हिरवा म्हणजे तुमचं बोलणं पलीकडे ऐकू जातं.”

“माझ्या मनात नसेल तरी?”

“हिरवा असेल तर जातंच.”

प्रमिलाचा हात टेबलावर थांबला. तिने चष्मा काढला. सावकाश माझ्याकडे वळली. शांता दारात पोह्यांच्या बश्या घेऊन उभी राहिली होती. तीही हलली नाही.

“आक्का,” प्रमिला म्हणाली, “त्या दिवशी, शर्यतीच्या आधी...”

“त्या दिवशी,” मी म्हटले, “तू शेवटच्या वळणावर ब्रेक उशिरा मारलास. किती वेळा सांगितलं तुला? वळणाच्या आधी. वळणात नाही.”

तिने चष्मा पुन्हा चढवला आणि स्टिअरिंगला हात घातला.

“बसा, आक्का,” ती म्हणाली. “आधी तुम्ही. मी शेजारी बसते.”